अर्थिंगचं पाणी

पोळा जवळ आला की आमच्या भागात लोकांना बैल आठवतात, झुली आठवतात, पुरणपोळी आठवते. मला घरामागचा अर्थिंगचा रॉड आठवतो. जमिनीतून वीतभर वर आलेला, गंजलेला, डोक्याला तांब्याची तार गुंडाळलेला. त्याची कोणी पूजा करत नाही. त्याच्यापुढे मान खाली घालून उभा राहिलेला गावातला मी एकटाच असेन.

यंदाही श्रावणात पावसाने ताण दिला. सोयाबीन शेंगा धरण्याच्या बेतात आणि आभाळ लख्ख निळं, चित्रातल्यासारखं. अशा दिवसांत आमच्या केनवडच्या बसथांब्यावरची माणसं एकमेकांकडे बघून बोलत नाहीत, वर बघून बोलतात. काळी जमीन आधी कडेने सुटते, मग मधे चिरते, आणि एका दुपारी अंगणात पाय ठेवला की कालपर्यंत मऊ असलेली माती टाचेला टोचते. तीन वर्षांपूर्वीचा श्रावण असाच होता. त्या श्रावणात आठ दिवस मी जे वागलो ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. म्हणजे एकदा सांगितलं, माइकवरून, पाचशे माणसांसमोर. पण त्याने काही झालं नाही. ते पुढे येईल.

आधी मशीनबद्दल. विज्ञानाचा शिक्षक म्हणून तीस वर्षं नोकरी करून मी निवृत्त झालो, तेव्हा शाळेने मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याला वेळेचं आता काही काम उरलं नाही त्या माणसाला घड्याळ का देतात, हे मला अजून कळलेलं नाही. मी स्वतःला एक सीएनसी मशीन दिली. सुट्या भागांत येते ती, हौशी लोकांसाठीची. जेवणाच्या टेबलाएवढी अॅल्युमिनियमची चौकट. तिच्यावर पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली सरकणारी एक मोटर. मोटरीच्या तोंडाला पेन्सिलीएवढं जाड पातं. संगणकावर चित्र काढायचं, सॉफ्टवेअर त्या चित्रावरून पात्याने जायची वाट आखतं, आणि त्या वाटेने मशीन लाकूड कापत जाते. यात जादू काही नाही. पण पहिल्यांदा पाहणारा माणूस तोंड उघडं टाकून पाहतो, आणि ते उघडं तोंड मला आवडायचं.

जुळवायला मला महिना लागला. दोनशे पानी वहीत मी टिपणं काढली, आकृत्या काढल्या, तारांना रंगीत कागदाची नावं चिकटवली. कोणी पाहुणा आला की मी त्याला खुर्ची देऊन समजावून सांगत असे. शेजारचे पंजाबराव, स्वतःची सात एकर वाहणारे आणि रोज चहाला येणारे गृहस्थ, पंधरा दिवस हे ऐकत होते. सोळाव्या दिवशी म्हणाले, "सर, सारं समजलं. पण हे मशीन बनवते काय?"

प्रश्न रास्त होता. मशीन तोवर काहीच बनवत नव्हती.

मग मी बैल करायचं ठरवलं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लहान मुलांचा. मुलं लाकडी बैलाला चाकं लावून, रंगवून, दोरी बांधून ओढत नेतात. मी कडुनिंबाच्या फळीवर बैलाचं चित्र बसवलं, पात्याची वाट आखून घेतली आणि मोठ्या थाटात बटण दाबलं. अर्ध्या तासाने जे बाहेर आलं त्याचे पाय काडीसारखे होते आणि शिंगं नव्हतीच. पात्याबरोबर ती भुशात गेली होती.

माझी बायको, कुसुम, त्याच खोलीत शिलाई मशीनवर बसली होती. ती तीस वर्षं गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते. तिने तो प्राणी हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"बकरी केली का?"

"बैल आहे."

"मंग मार्जिन काहून नाई सोडली?"

मी म्हणालो, इथे मार्जिन वगैरे काही नसतं, हे गणित आहे. ती म्हणाली, "कसं नसतं? तुमची कैची जाडी हाये. रेघेवरून चालवली त अर्धी इकडलं खाईन, अर्धी तिकडलं. मी ब्लाउज रेघेवर कापला त कोणाच्या अंगात जाईन तो?"

माझ्या वहीच्या चौऱ्याण्णवाव्या पानावर हेच लिहिलेलं होतं. पात्याच्या अर्ध्या जाडीइतकी वाट रेषेच्या बाहेर सरकवावी. मी स्वतः लिहिलं होतं, खाली दोनदा रेघ मारून. पण तिला ते लिहावं लागलं नव्हतं.

त्या दिवशी मी हसलो. चांगली विद्यार्थिनी मिळाली म्हणून शिक्षक हसतो तसं. पण विद्यार्थिनी वर्गात थांबेना. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं की डोळ्याचं भोक शेवटी का पाडता? बैल फळीतून सुटा झाला की तो हलणार, मग भोक जागेवर कसं पडेल? "आधी आतलं कापा, बाहेरचं मंग." चौथ्या दिवशी तिला सॉफ्टवेअरमधली ती सोय सापडली, ज्यात बैल आणि फळी यांच्यामध्ये ठिकठिकाणी न कापलेले लहान पूल ठेवता येतात, म्हणजे कापून झाल्यावर तुकडा उडत नाही. मी त्याचं इंग्रजी नाव सांगत होतो. ती म्हणाली, "कच्चे टाके हायेत हे." आणि ती तेव्हापासून त्यांना कच्चे टाकेच म्हणते. आता पुण्याची आमची मुलगीही कच्चे टाके म्हणते. पूर्वी ती फोन केला की, "बाबा, मशीन काय म्हणते?" असं विचारायची. आता, "आईला द्या जरा," म्हणते. मी फोन देतो. दोघी चित्र, वाट, पात्याचा वेग यांवर बोलतात आणि मी रिकाम्या हाताने खिडकीतून बाहेर बघतो.

मत्सर हा शब्द पुस्तकांत फार भारदस्त दिसतो. त्याच्यापायी राज्यं जातात, भाऊ भावाला मारतो. घरात तो फार किरकोळ असतो. चहात साखर बरोबर असताना कमी आहे म्हणणं, एवढाच त्याचा आकार. बायको चित्र काढत असताना संगणकाचा पडदा पुसायला उठणं. पाहुण्यांनी तिला काही विचारलं की, "त्याचं तत्त्व असं आहे," म्हणून मध्ये बोलणं. मी हे सगळं केलं. सहकाऱ्याचा मत्सर करणाऱ्याला निदान घरी येऊन कोणाजवळ तरी बोलता येतं. बायकोचा मत्सर करणाऱ्याने कोणाकडे जावं?

मला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगतो. आमच्याकडे सगळे ज्यांना भाऊसाहेब म्हणतात असे एक उत्साही गृहस्थ आहेत. गावात कोणताही कार्यक्रम त्यांच्याशिवाय होत नाही आणि त्यांच्या फोटोशिवाय तर कल्पनेतही होत नाही. त्या आषाढात ते घरी आले. मी उठून खुर्ची पुढे केली. ते सरळ कुसुमसमोर बसले.

"काकू, यंदा तान्हा पोळा मोठा करून राह्यलो आपण. स्टेज, माइक, पाहुणे, सारं. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जेवढ्या पोराइच्या घरी लाकडी बैल नाई, त्या साऱ्याइले बैल द्याचा. एक्कावन्न पायजेत. होइन का?"

"होइन," कुसुम म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यात अपमान नव्हता. ब्लाउज कधी मिळेल असं बायका विचारतात तेव्हा ती माझ्याकडे कुठे बघते? पण मशीन माझी होती. मी घसा खाकरला. भाऊसाहेबांनी मान वळवली.

"सर, काकू कामात हायेत. चहाचं तुमीच पाहा ना."

मी चहा केला. साखर बरोबर होती.

ते दिवस मला अजून नाकाने आठवतात. कडुनिंबाचा भुसा हवेत असला की तोंड कडू होतं, पाणी प्यायलं तरी कडूच राहतं. कुसुम नाकाला ओढणीचा तुकडा बांधून मशीनपाशी उभी असायची. मोटरीचा आवाज चढता-उतरता, पातं गाठीत शिरलं की तिचा हात आपोआप वेग कमी करणाऱ्या बटणावर. ते बटण कधी दाबावं हे मला वाचून माहीत होतं. तिला ते ऐकून कळायचं. कडेला कापलेले बैल एकाला एक टेकून उभे, सगळे एकाच दिशेला तोंड करून, जणू कोणाची तरी वाट पाहतायत. पाच, अकरा, एकोणीस. तिने शाळेतून मुलांची यादी आणली होती आणि प्रत्येक बैलाच्या पोटाखाली पेन्सिलने एकेकाचं नाव लिहिलं होतं. मला ते अनावश्यक वाटलं. मी तसं म्हणालोही.

आणि पावसाने दडी मारली. दहा दिवस थेंब नाही. विसाव्या बैलाला मशीन मध्येच थांबली.

संगणकाच्या पडद्यावर संपर्क तुटल्याची ओळ आली. चौकट जागच्या जागी गोठली, पण पातं फिरतच राहिलं आणि बैलाच्या मानेवर एकाच ठिकाणी फिरून काळा डाग जळत गेला. कुसुमने धावत जाऊन मोटर बंद केली. पुन्हा चालू केली, दहा मिनिटं चालली, पुन्हा तेच. त्या दिवशी तीन फळ्या जळाल्या. ती माझ्याकडे वळली. कित्येक महिन्यांनी अशी वळली.

"पाहा बरं काय झालं हिले."

मी चष्मा पुसला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

पहिले दोन दिवस मी खरोखर शोधत होतो. तारेचे जोड पाहिले, संगणकाची तार बदलून पाहिली, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मशीनच्या चौकटीला हात लागला आणि बोटांना मुंग्या आल्या. हलक्याशा, पण आल्या. आणि मला कळलं. वऱ्हाडात कोणालाही कळलं असतं. मशीनच्या अंगावर उगाच जमणारी वीज ज्या वाटेने जमिनीत जायला हवी ती अर्थिंगची वाट माती सुकल्याने बंद झाली होती. मग ती वीज संगणकाच्या तारेत शिरत होती आणि संपर्क तुटत होता.

मी टेस्ट लॅम्प घेतला, म्हणजे होल्डरमधला एक बल्ब आणि दोन लांब तारा, आणि घरामागे गेलो. एक तार फेजला, दुसरी अर्थिंगच्या रॉडला. बल्बची तार फक्त लाल झाली, विझत्या विडीसारखी. मी तांब्याभर पाणी रॉडच्या बुडाशी ओतलं. जमिनीने ते आवाज करत पिऊन घेतलं आणि बल्ब हळूहळू पिवळा होत, शेवटी लख्ख पेटला.

खरी लाजेची गोष्ट तर पुढेच आहे. त्या रॉडला वीस वर्षं कोणी मुद्दाम पाणी घातलं नव्हतं. गरजच नव्हती. तो भांडी घासायच्या जागेलगत होता, दिवसातून तीनदा खरकटं पाणी त्याच्या बुडाशी जायचं. त्या उन्हाळ्यात गावात स्वच्छतेची मोहीम आली. घरोघरी शोषखड्डा, चांगल्या खड्ड्याला प्रमाणपत्र. समारंभांची थट्टा करण्यात माझा जन्म गेला, पण "विज्ञानाच्या सरांनी आदर्श घालून द्यावा," असं भाऊसाहेब म्हणाले आणि मी घातला. मोरी फोडली, सिमेंटची नाली काढली, सगळं पाणी अंगणाच्या दुसऱ्या टोकाच्या खड्ड्यात नेलं. खड्ड्याशेजारी उभा राहून हातात प्रमाणपत्र धरलेला माझा फोटो आहे. मी त्यात हसतोय. मागे डाव्या कोपऱ्यात, नीट पाहिलं तर, तो रॉड दिसतो. पावसाळ्यात जमीन ओली होती म्हणून कोणाला काही कळलं नाही. पावसाने ताण दिला आणि माझ्या आदर्शाने मशीन बंद पाडली.

दोन बादल्या पाणी. एवढाच उपाय होता. मी रिकामा तांब्या हातात घेऊन तिथे उभा राहिलो. आतून कुसुमचा आवाज आला, "सापडलं का काही?"

मी म्हणालो, "पाहतोय अजून."

हे दोन शब्द तोंडातून गेले तेव्हा मी काही ठरवलं नव्हतं. पण आत गेलो तर तिने माझ्यासाठी स्टूल मांडून ठेवलं होतं, हातात टॉर्च होती. मी वही उघडली. तिने विचारलं, ही निळी तार कशाची? मी सांगितलं. ही हिरवी चकती काय करते? मी सांगितलं, तत्त्वासकट. तिने ऐकून घेतलं. तीस वर्षं नोकरी करून मला असा वर्ग मिळाला नव्हता. तासाभरात बाहेरची जमीन पुन्हा कोरडी पडली असणार. मी पाहायला गेलो नाही.

आठ दिवस. या आठ दिवसांत मी रिसोडला दोनदा एसटीने जाऊन नको त्या वस्तू आणल्या. तारांवर घालायचं काळं कडं आणलं, नवी तार आणली, चिकटपट्टी आणली. मशीन उघडली आणि बंद केली. दर वेळी कुसुम शेजारी उभी, "आता?" म्हणून विचारणारी. मी मान हलवायचो. चालू केली की मशीन पाच-दहा मिनिटं चालायची आणि थांबायची, आणि प्रत्येक वेळी थांबली की माझ्या छातीत काहीतरी सैल व्हायचं. लोकही यायचे. "सर, तुमीच कराल, दुसऱ्याच्या हातचं नाई ते." कित्येक दिवसांनी माझं नाव निघत होतं.

या आठांतल्या पाचव्या दिवशी पंजाबराव चहाला आले. बशीत फुंकर घालत म्हणाले, "सर, अर्थिंग पाह्यली का? आमच्या विहिरीवरची मोटर बी कुथून राह्यली कालपासून. जमीन पार सुकली ना बा."

कुसुमने वर पाहिलं. मी शांतपणे म्हणालो, "पाहिली. ठीक आहे."

"मंग माह्या डोक्याच्या वर हाये," पंजाबराव म्हणाले आणि बिस्कीट बुडवलं.

त्या संध्याकाळी कुसुमने हातकरवत काढली. जुन्या सुताराकडून कधीतरी आणलेली, बारीक पात्याची. बत्तीस मुलं उरली होती आणि पोळ्याला सहा दिवस. ती उंबऱ्यात बसली, गुडघ्याखाली फळी धरली आणि हाताने बैल कापू लागली. मी म्हणालो, कशाला, होईल मशीन सुरू. ती म्हणाली, "होइन तवा होइन. नावं लिहून ठेवले मी." एका बैलाला अर्धा दिवस. शिंगं वाकडी यायची, वशिंड एकीकडे झुकायचं. "हे जित्ते दिसतात," ती म्हणायची. दोन दिवसांत चार बैल झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाणी मागितलं. तिने पेला पुढे केला तेव्हा अंगठ्याच्या बुडाशी चिंधी दिसली. तिच्यावर लाल उमटलं होतं.

"काय झालं?"

"काई नाई. करवतीची सवय नाई हाताले."

मी पाणी प्यायलो. ते कडू लागलं, आणि त्या वेळी हवेत भुसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन बादल्या भरल्या. काय सांगायचं तेही ठरवलं होतं: आज अचानक लक्षात आलं, असं. अचानक लक्षात आल्याचा चेहरा कसा करावा याचाही विचार झाला होता. बादल्या घेऊन घरामागे गेलो आणि थांबलो.

जमीन ओली होती. नुसती ओली नव्हे, भिजून काळीशार झाली होती आणि रॉडच्या भोवती हाताने आळं केलेलं होतं, वांग्याच्या झाडाला करतात तसं. आळ्यात भाताची चार शितं आणि भांडी घासायच्या राखेचा थर. आणि भिंतीवरच्या खिळ्याला माझा टेस्ट लॅम्प टांगलेला होता. मी तो त्या दिवशी तिथेच, रॉडजवळ, विसरलो होतो. त्याच्या दोन्ही तारा आता आठच्या आकड्यात नीट गुंडाळून, टोक आत खोचून ठेवलेल्या होत्या. आमच्या घरात दोरा असा एकच माणूस गुंडाळतो.

मी बादल्या तिथेच ठेवल्या. आत गेलो तर ती मशीनवर फळी घट्ट बसवत होती.

"पाहा बरं आज," ती म्हणाली. "मले वाटते, चालन."

तिच्या आवाजात काहीही नव्हतं. टोमणा असता तर मी त्याला धरून उभा राहिलो असतो. ती बाजूला सरकली आणि बटणापाशी मला जागा करून दिली. मी बटण दाबलं. पातं खाली आलं, भुसा उडाला. आधी डोळा, मग चाकाचं भोक, मग पोटाखालून निघून बाहेरची पूर्ण फेरी, कच्चे टाके सोडत. पंचवीस मिनिटं मी तिथे उभा होतो. मशीन एकदाही थांबली नाही.

"जमलं तुमाले," कुसुम म्हणाली, आणि पुढची फळी उचलली.

त्या क्षणी मला पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर ते शोभेल. झाला, पण नंतर. आधी जे आलं ते वेगळंच होतं. मला वाटलं, हेही हिलाच जमलं. मशीन मला येत नव्हती तितकी हिला येत होती, आणि आता माफ करणंही हिला माझ्याहून बरं येतं. माणूस किती खाली जाऊ शकतो याचं मला त्या दिवशी नेमकं माप मिळालं.

एक्कावन्न बैल झाले. चार वाकडे, सत्तेचाळीस सरळ. वाकडे कोणाला मिळतात यावरून मुलांत भांडण झालं. सगळ्यांना वाकडेच हवे होते.

तान्ह्या पोळ्याचा कार्यक्रम साडेतीनचा होता म्हणून साडेपाचला सुरू झाला. स्टेजमागच्या फ्लेक्सवर नऊ माणसांचे चेहरे होते आणि एक बैल, तोही कोपऱ्यात, अर्धा कापलेला. मुलं दोन तास दोऱ्या धरून उन्हात उभी होती. पाहुण्यांनी दोन शब्द बोलायचं कबूल करून पाऊण तास घेतला. आणि मग भाऊसाहेबांनी माइकवर माझं नाव पुकारलं. या बैलांमागचं डोकं, विज्ञाननिष्ठ, तंत्रज्ञानाचे उपासक वगैरे. मी पायऱ्या चढलो. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. समोर बायकांच्या बाजूला तिसऱ्या ओळीत कुसुम बसली होती, अंगठ्याला चिंधी. इतके महिने मला जे हवं होतं ते सगळं माझ्या खांद्यावर होतं आणि ते टोचत होतं.

मी माइक मागून घेतला. म्हणालो, "बैल माझ्या बायकोने केले. सगळे. मी काही केलं नाही. उलट मशीन कशाने बंद आहे हे मला कळलं होतं, तरी मी आठ दिवस मुद्दाम सांगितलं नाही."

मग पहिल्या रांगेतले पाहुणे हसले. त्यांना पाहून दुसरी रांग हसली, मग सगळं मैदान. टाळ्या पडल्या. भाऊसाहेबांनी माझ्या हातातून माइक घेतला आणि गहिवरून म्हणाले, "याले म्हणतात मोठेपणा! सारं श्रेय घरच्या लक्ष्मीले देऊन, वरून सोताची गंमत करून राह्यले सर!" आणि टाळ्या वाढल्या. मी आयुष्यभर ज्या स्टेजची थट्टा केली त्या स्टेजने माझं काम असं केलं. तिथे खरं बोलायची सोयच नव्हती. जे बोलाल त्याचा हार होतो.

मैदानात एक माणूस हसत नव्हता. ती पदर नीट करत होती.

घरी जाताना मुलं आमच्या पुढे बैल ओढत चालली होती. मातीच्या रस्त्यावर लाकडी चाकांचा खडखडाट. मी वाट पाहत होतो. तिने काहीतरी म्हणावं, ओरडावं, निदान विचारावं. घराजवळ आल्यावर तिने माझ्या खांद्यावरची शाल काढून हातात घेतली, पोत चाचपला.

"चांगली हाये," म्हणाली. "मशीनवर झाकाले होइन."

त्यावर आमचं दोघांचं कधी बोलणं झालं नाही. तीन वर्षं झाली. शाल मशीनवर असते. प्रमाणपत्राचा फोटो मी भिंतीवरून काढला नाही. रोज दिसावा म्हणून ठेवलाय. आळं अजून आहे. पाऊस नसला की मी रोज सकाळी उठून रॉडला दोन बादल्या पाणी घालतो, ती उठायच्या आत घालायचा प्रयत्न करतो, आणि बहुतेक वेळा ती आधीच उठलेली असते. मत्सर गेला का? नाही गेला. यंदा बाहेरगावाहूनही बैल मागवलेत, आसेगावपर्यंतच्या शाळांनी. आल्या-गेल्याला ती मशीनबद्दल सांगते, थोडक्यात, हसत, आणि लोकांना कळतं. मला ऐकताना अजून आत काहीतरी चावतं. फक्त आता मी ते घेऊन उठतो आणि घरामागे जातो.

आज दुपारची गोष्ट. पोळ्याला पाच दिवस आहेत, पावसाचा पत्ता नाही. पंजाबराव ओसरीवर चहा घेत होते, मी पेपर वाचत होतो. आत मशीन चालू होती. तिचा आवाज एकदा किंचित अडखळला, पुन्हा सरळ झाला. आणि आतून, मोटरीच्या वरताण, कुसुम ओरडली. तीन वर्षांत पहिल्यांदा, पंजाबरावांसमोर, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी:

"आवो! अर्थिंगले पाणी टाका!"

पंजाबरावांनी बशीवरून माझ्याकडे पाहिलं. मी पेपर घडी केला आणि बादली उचलली. सकाळीच टाकलं होतं. तरी पुन्हा टाकलं.